चाळणी कुणाच्या हातात?

मी भिलाईहून बोलतोय. माझी सगळी नोकरी फौजेत गेली आणि आजचा विषय जीवशास्त्राचा, तेव्हा काही जणांना वाटेल की या गृहस्थांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बोलण्याच्या ओघात येईलच. विषय असा की, माणसाने आपल्याभोवतीच्या सजीवांची उत्क्रांती कशी बदलली. कधी ठरवून बदलली, कधी नकळत. आणि उदाहरणं आपल्या आसपासचीच घेणार आहे, छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यातली.

सुरुवात भिलाईपासूनच करू. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना मैत्रीबागेत नेण्याची पद्धत आहे. भिलाई इस्पात कारखान्याची ही बाग १९७२ सालची, भारत आणि सोव्हिएत रशियाच्या मैत्रीची आठवण म्हणून केलेली. तिथे सगळ्यात जास्त गर्दी असते पांढऱ्या वाघापाशी. पोरं ओरडतात, मोबाइल वर होतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही वाघाची एखादी वेगळी जात असेल, बर्फात राहणारी वगैरे. तसं काही नाही. हा आपला साधा पट्टेदार वाघ. त्याच्या रंगाच्या एका जनुकात एक छोटासा बदल झालेला असतो. हा बदल आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही आला तरच पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच आला तर वाघ नेहमीसारखा पिवळा, पण तो बदल पोटात बाळगणारा.

२७ मे १९५१ रोजी रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा जंगलातून पकडला आणि गोविंदगडच्या महालात ठेवला. त्याचं नाव मोहन. मोहन मोठा झाल्यावर त्याची जोडी बेगम नावाच्या साध्या वाघिणीशी लावली. सगळी पिल्लं पिवळी झाली, एकही पांढरं नाही. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ साली पहिली पांढरी पिल्लं जन्माला आली. त्यातली मोहिनी १९६० साली अमेरिकेला गेली. आज जगातल्या प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ आहेत, त्यातल्या बहुतेकांची वंशावळ या मोहनपर्यंत पोचते. बाप-लेक, भाऊ-बहीण असे संबंध पिढ्यान्‌पिढ्या लावून तो रंग टिकवला गेला. त्याची किंमत वाघांनी मोजली. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणी या वाघांत वेगळी असते, म्हणून बरेचसे तिरळे असतात. जवळच्या नात्यात संकर झाल्याने येणारी इतर दुखणीही आली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने तर २०११ साली आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास बंद करायला सांगितलं.

आता विचार करा. हा बदल निसर्गात होताच, मोहन जंगलातच जन्मला होता. पण जंगलाने त्याची फौज उभी केली नव्हती. ती आपण केली, कारण आपल्याला तो रंग आवडला. निसर्गाने विविधता पुरवली आणि चाळणी आपण लावली. आजच्या बोलण्याचं सूत्र हेच आहे. कोणत्याही जातीत सगळे जीव सारखे नसतात, थोडा थोडा फरक असतोच. त्यातले कोण वाचणार आणि कोणाची पिल्लं पुढे जाणार, हे चाळणी ठरवते. थंडी, दुष्काळ, शत्रू, रोग या निसर्गाच्या चाळण्या. विळा, कुदळ, बाजारभाव, फवारणीचा पंप आणि औषधाची गोळी या आपल्या.

डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथाचा पहिलाच भाग पाळीव प्राणी आणि पिकांवर आहे, विशेषतः कबुतरांवर. त्याने माणसाच्या निवडीचे दोन प्रकार सांगितले. एक, हेतू ठेवून केलेली निवड. दुसरी, नकळत झालेली. मला स्वतःला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहिल्या प्रकारात निदान आपण काय करतोय हे आपल्याला ठाऊक असतं.

नकळत झालेल्या निवडीचं सगळ्यात मोठं उदाहरण रोज आपल्या ताटात असतं. भात.

छत्तीसगडमध्ये एक सण असतो, हलषष्ठी. इथे त्याला खमरछठ म्हणतात, कुणी कमरछठही म्हणतं. आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठी. त्या दिवशी मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आया उपास करतात आणि नांगराने पिकवलेलं काहीही खात नाहीत. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून ऋषीची भाजी करतात, तसंच हे. मग भात कसला खायचा? तर पसहर चावल. हे डबक्यांत, नाल्याकाठी, तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारं जंगली धान. लालसर दाणा, लांब कुसळ. सणाच्या आठवड्यात बाजारात पसहर साध्या तांदळापेक्षा कितीतरी महाग मिळतो. फुकट उगवणारी गोष्ट महाग का? कारण ती गोळा करणं फार कष्टाचं. पसहरचा दाणा पिकला की लोंबीवर थांबत नाही, गळून चिखलात पडतो. सगळे दाणे एकदम पिकतही नाहीत. बायका पाण्यात उतरून, लोंब्या झटकून झटकून मूठ-मूठ गोळा करतात.

दाणा गळणं ही त्या रोपाच्या दृष्टीने शहाणपणाची गोष्ट आहे. गळला तर रुजेल, पुढची पिढी होईल. लोंबीला चिकटून राहणारा दाणा म्हणजे जंगलात दोषच. पण हजारो वर्षांपूर्वी माणूस जंगली धान कापून घरी नेऊ लागला, तेव्हा त्याच्या घरी काय पोचलं? जे गळलं ते चिखलात राहिलं आणि जे चिकटून होतं तेच टोपलीत आलं. त्यातलंच थोडं पुढच्या वर्षी पेरलं गेलं. पुन्हा कापणी, पुन्हा तेच. कुणी ठरवलं नव्हतं की आपण न गळणारं धान तयार करू या. विळ्याने आणि टोपलीने ते केलं. चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांत सापडलेल्या भाताच्या अवशेषांवरून दिसतं की गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण हळूहळू, हजारो वर्षांत कमी होत गेलं. आणि २००६ साली शास्त्रज्ञांनी दाणा न गळण्यामागचं एक मुख्य जनुक शोधून दाखवलं. जंगली भात आणि आपला भात यांच्यात त्या जनुकात फरक आहे तो एका अक्षराचा. एवढ्याशा फरकावर आपली मळणी, आपली कोठारं, अर्ध्या जगाचं जेवण उभं आहे. उलट बाजूने पाहिलं तर हे धान आता स्वतःचं बी स्वतः नीट पसरवू शकत नाही. आपण नसलो तर त्याचंही कठीण आहे. आपण त्याला पोसतो, ते आपल्याला पोसतं.

पण त्याच शेतात गोष्टीची दुसरी बाजूही उभी असते. तिचं नाव करगा.

दुर्ग, रायपूर, धमतरीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला करगा विचारा, त्याच्या कपाळावर आठी पडेल. करगा म्हणजे धानाच्या शेतात शिरलेलं जंगली धान. लहान असताना ते इतकं हुबेहूब धानासारखं दिसतं की ओळखू येत नाही. लोंबी आली की कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. दाणे गळून मातीत जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तयार. आता हे करगा धानासारखं दिसतं कसं? आपणच त्याला तसं केलं. शेकडो वर्षं निंदण करणाऱ्या बायांनी जे रोप वेगळं दिसलं ते उपटलं. जे धानासारखं दिसलं ते हातातून सुटलं, त्याचं बी पडलं. आपल्या नजरेची चाळणी लागली आणि त्या चाळणीतून सोंग वठवणारं तण पुढे आलं. चीनमध्ये भातशेतीतल्या एका तणावर याच पद्धतीचा अभ्यास झाला आणि त्या तणाने भाताचं रूप सुमारे १००० वर्षांपूर्वी घेतलं असं निघालं. हा भाग मला विशेष भावतो. फौजेत आम्ही छद्मावरण शिकायचो. गवत लावा, रंग फासा, सावली तोडा. या तणाने ते कुणाकडून न शिकता साधलं, कारण जे साधू शकले नाहीत ते उपटले गेले.

मग माणसाने उलटा डाव टाकला. आमचा हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. रायपूरकडे जांभळ्या पानांचं धान लावण्याचा उपाय निघाला. आपलं धान जांभळं, करगा हिरवं. हिरवं दिसलं की उपटा. डाव छानच होता. पण धान आणि करगा भाऊबंदच, त्यांचे परागकण एकमेकांत जातात. काही हंगाम गेले आणि जांभळ्या पानांचा करगाही दिसू लागला. म्हणून असं वाण सतत एकाच शेतात लावायचं नसतं, बदलत राहावं लागतं. रायपूरच्या कृषी विद्यापीठाचं श्यामला नावाचं जांभळं वाण याच कामासाठी आहे. धडा साधा आहे. तुम्ही एकच युक्ती रोज वापरली की समोरचा ती शिकतो. शिकतो हा शब्द सोयीसाठी वापरला. तो शिकत नाही. ज्यांच्यावर युक्ती चालत नाही तेवढेच मागे उरतात आणि वाढतात.

आता हेतू ठेवून केलेल्या निवडीकडे येऊ. भिलाईच्या कुठल्याही किराणा दुकानात जा, नागपूरला जा, हैदराबादला जा, एचएमटी तांदूळ मिळेल. बारीक दाणा, शिजायला चांगला. पुष्कळांना वाटतं हे एखाद्या कंपनीचं नाव. हे वाण शोधलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे छोटं गाव. दादाजींची शेती दीड एकर आणि शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांच्या बांधीत पटेल-३ नावाचं धान उभं होतं. त्यात तीन लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्यांबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या वर्षी वेगळं पेरलं. डुकरांपासून राखलं, पुन्हा निवडलं, पुन्हा पेरलं. पाच-सहा वर्षं हे चाललं तेव्हा वाण स्थिर झालं. वाणाला नाव नव्हतं. त्या काळात एचएमटी घड्याळं प्रसिद्ध होती, तेच नाव बाजारात पडलं. पुढे १९९८ साली विदर्भातल्या कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेलं बियाणं पीकेव्ही-एचएमटी म्हणून आणलं. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार २००५ साली मिळाला, फोर्ब्सच्या यादीत २०१० साली नाव आलं. पण बियाण्यातून पैसा त्यांच्या घरी आला नाही. नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, डीआरके अशी आणखी वाणं त्यांनी काढली. ३ जून २०१८ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हाही परिस्थिती हलाखीचीच होती.

मंडळी, मोहन वाघ आणि दादाजींच्या तीन लोंब्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत निसर्गाने एक वेगळेपण पुढे केलं आणि माणसाने ते उचललं. फरक कशात? एका ठिकाणी बघणाऱ्याच्या हौसेसाठी प्राण्याला अरुंद कोंडीत ढकललं. दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने शेतात, ऊन-पावसात, रोग-किडीत ते रोप तपासलं. त्याची चाळणी कडक होती, पण खरी होती. चाळणी लावण्यात पाप नाही. ती कशासाठी लावतोय, हा प्रश्न आहे.

आणि दादाजींना त्या लोंब्या सापडल्या, कारण शेतात फरक शिल्लक होता. फरकच नसता तर निवडणार काय? इथे मला डॉ. राधेलाल रिछारिया यांचं नाव घ्यायचं आहे. जन्म १९०९, केंब्रिजला शिकलेले, १९५९ पासून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक. बाहेरून आलेली बुटकी वाणं घाईने देशभर पसरवू नका, आपली वाणं आधी पाहा, असं ते ठामपणे म्हणत. त्यात त्यांचं पद गेलं. नंतर १९७० च्या दशकात ते रायपूरला भात संशोधनाचं काम पाहू लागले आणि गावोगाव फिरून त्यांनी या भागातल्या धानाचे १७ हजारांहून जास्त नमुने जमवले. उन्हाळी वरकस जमिनीचं, खोल पाण्यात तग धरणारं, साठ दिवसांत येणारं, वासाचं, लाह्यांचं, पेजेचं. हे सगळं कुणी केलं होतं? आदिवासी आणि शेतकरी बायाबापड्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या, बियाण्यासाठी चांगली लोंबी बाजूला काढून. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाचे २३ हजारांहून जास्त नमुने जपलेले आहेत. २००२ साली सिंजेंटा या परदेशी कंपनीशी या संग्रहावर करार होणार होता, तेव्हा रायपूरच्या रस्त्यांवर लोक उतरले आणि कंपनीने माघार घेतली. बियाण्यासाठी लोक रस्त्यावर येतात, हे छत्तीसगडने दाखवलं.

आता कुणी म्हणेल, जुनी बियाणी जपून उपयोग काय? आम्ही तर स्वर्णा, महामाया, एमटीयू-१०१० लावतो, सरकारी खरेदी केंद्रावर धान वजनावर जातं, वासावर नाही. खरं आहे. म्हणजे खरेदी केंद्राचा काटा हीसुद्धा एक चाळणी झाली. त्या काट्याने काही वाणं फोफावली आणि बाकीची शेतातून गेली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला घर चालवायचं आहे. पण उपयोग काय, याचं उत्तर आमच्या फौजेत फार जुनं आहे. कुठलाही कमांडर आपली सगळी फौज मोर्च्यावर लावत नाही. एक तुकडी राखीव ठेवतो. ती त्या दिवशी रिकामी बसल्यासारखी दिसते. पण शत्रू कुठून येईल हे माहीत नसतं, म्हणूनच ती ठेवायची.

भाताच्या बाबतीत असा प्रसंग येऊन गेला आहे. १९७० च्या आसपास आशियात नव्या वाणांवर एक विषाणूजन्य रोग आला. रोप खुजं राहायचं, गवतासारखं फुटायचं, दाणा नाही. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातले हजारो नमुने तपासले. त्या रोगाला पुरून उरणारा एकच नमुना निघाला, आपल्या उत्तर प्रदेशातून गेलेलं एक जंगली धान, पसहरच्याच नात्यातलं. त्याचं जनुक घेऊन गुरुदेव खुश यांनी १९७६ साली आयआर-३६ हे वाण दिलं. ते एके काळी जगात सर्वांत जास्त क्षेत्रावर लावलं जाणारं भाताचं वाण होतं. ज्याला आपण डबक्यातलं गवत म्हणतो, ती राखीव तुकडी होती.

आता भातातून कापसाकडे येतो, कारण राखीव न ठेवल्यावर काय होतं हे विदर्भाने भोगलं आहे. माझे ऐकणारे पुष्कळजण यवतमाळ, वर्धा, अमरावतीचे असतील, त्यांना हे नवीन नाही.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या झाडात एका जिवाणूचं जनुक घातलेलं, त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं विष तयार करतं. सुरुवातीला फायदा झाला, फवारण्या कमी झाल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण शास्त्रज्ञांना चाळणीचा नियम माहीत होता. लाखो अळ्यांत एखादी अशी असणारच जिच्यावर हे विष चालत नाही. बाकी सगळ्या मेल्या की ही एकटी उरेल, आणि हिच्यासारखी दुसरी जी उरेल तिच्याशीच हिची जोडी लागेल. म्हणून बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं नॉन-बीटी पाकीट दिलं जायचं. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावायच्या. तिथे साध्या अळ्या जगू द्यायच्या. त्यांचे पतंग आणि विष पचवणाऱ्या अळीचे पतंग यांची जोडी लागली की पुढची पिढी बहुतेक पुन्हा विषाला बळी पडणारी. म्हणजे शत्रूची काही पिल्लं मुद्दाम जिवंत ठेवायची, कारण त्यांच्यातला दुबळेपणा आपल्याला उपयोगी.

हे शेतकऱ्याला नीट कुणी समजावलं? फार थोड्यांनी. चार एकर कोरडवाहू असलेला माणूस मुद्दाम अळीला खायला ओळी का लावेल? पाकिटं बांधावर पडली. दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटी झालं, आणि गुलाबी बोंडअळी तर मुख्यतः कापसावरच जगणारी, तिला दुसरं घर नाही. शिवाय आपली संकरित वाणं लांब मुदतीची. पाणी असलं की फरदड घ्यायची, पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी. अळीला पिढ्यांवर पिढ्या काढायला मोकळीक. गुजरातमध्ये पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी २००९-१० च्या सुमारास जाहीर झाली. दोन विषांचं दुसरं बियाणं २००६ पासून आलेलं होतं. पण दोन कुलुपं तेव्हाच कामाची, जेव्हा दोन्ही शाबूत असतात. पहिलं मोडायच्या वाटेवर होतं, म्हणून सगळा भार दुसऱ्यावर पडला आणि तेही मोडलं. २०१७ साली विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. उत्क्रांती हा काही पुस्तकातला धडा नाही, मंडळी. तिच्यात माणसं मरतात.

हे अटळ होतं का? नव्हतं. चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकरी संकराच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बी पेरू लागले. त्यात साधारण चौथाई झाडं आपोआप बिनविषाची निघतात. मुद्दाम ओळी लावाव्या लागल्या नाहीत, त्या आपोआप मिसळल्या गेल्या, आणि तिथे अळीतला विरोध उलट कमी झाला. अमेरिकेत ओळी पाळल्या, मग वांझ पतंग सोडले आणि २०१८ साली गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, विष तेच. चाळणी लावण्याची रीत वेगळी. आपल्याकडेही आता बियाण्यातच थोडं नॉन-बीटी मिसळून देण्याची पद्धत आली आहे. कापूस वेळेवर काढणं, फरदड न घेणं, कामगंध सापळे लावणं हे सगळं त्याच हिशोबातलं आहे.

फौजेचा आणखी एक अनुभव सांगून पुढे जातो. ईशान्येला पोस्टिंग असताना मलेरियाच्या गोळीची हजेरी असायची. रांगेत उभं राहून, वरिष्ठांच्या समोर गोळी गिळायची. जवान कुरकुर करायचे, कडू लागते म्हणायचे. याच ईशान्येत, आसामच्या कार्बी टेकड्यांमध्ये, १९७३ साली भारतात पहिल्यांदा क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरिया सापडला. हळूहळू तो देशभर, आमच्या बस्तरपर्यंत आला. शेवटी २०१० साली फाल्सिपेरम मलेरियासाठी देशाने क्लोरोक्विन सोडून दोन औषधं एकत्र द्यायचं धोरण घेतलं. कारण तेच, एका जंतूत दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या एकदम असण्याची शक्यता फार कमी. सर्दी-पडशाला दुकानातून अँटिबायोटिक घेणारे आपण सगळे रोज अशीच चाळणी लावत असतो, आणि पोल्ट्रीत कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून औषधं घालणारेही. कोलिस्टिन हे डॉक्टरांचं अगदी शेवटचं औषध. ते प्राण्यांच्या खाद्यात वापरायला सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याचसाठी.

आता सगळं एकत्र बांधतो. आपण चाळणी लावणं थांबवू शकत नाही. आठ अब्ज माणसं जेवणार, शेती होणार, औषधं लागणार. न निवडणं हा पर्याय आपल्याला उरलेला नाही, कारण विळा हातात घेतला तेव्हाच आपण निवडायला लागलो. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, प्रत्येक उपाय करताना विचारायचं की यातून कोण वाचणार आहे? मरणाऱ्यांची संख्या सगळे मोजतात, वाचणाऱ्यांकडे कुणी बघत नाही, आणि उद्या सामना वाचलेल्यांशी असतो. दोन, एकच हत्यार रोज वापरायचं नाही. तीन, राखीव ठेवायचं. पिकात विविधता राखायची, आणि किडीत व जंतूत औषधाला बळी पडणारा वाणही शिल्लक ठेवायचा.

घरी बसून काय करता येईल असं विचाराल तर ते सोपं आहे. तांदूळ घेताना कधी दुबराज, जवाफूल, विष्णुभोग घ्या. महाराष्ट्रात असाल तर चिन्नोर, आंबेमोहर घ्या. दोन पैसे जास्त जातील, पण गिऱ्हाईकाची पिशवीही चाळणीच आहे, तिने एखादं वाण शेतात टिकतं. नगरीच्या दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पिकवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं तरच त्याचा उपयोग. गावाकडे कापूस लावणारे भाऊबंद असतील तर त्यांच्याशी नॉन-बीटी ओळींविषयी आणि फरदडीविषयी बोला, जसं माझं तुमच्याशी बोलणं झालं तसं, उपदेश न करता. आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.

शेवटी एक काम. तुमच्या घरी, आजोळी, सासरी कुणाकडे जुन्या बियाण्याचं गाडगं अजून असेल. धानाचं, वालाचं, वांग्याचं, काहीही. त्या बाईला विचारा की बी कसं निवडतेस, कुठली लोंबी, कुठलं फळ बाजूला काढतेस आणि का. लिहून घ्या आणि मूठभर बी मागून पुढच्या पावसाळ्यात लावा. बी डब्यात फार वर्षं टिकत नाही, ते शेतातच टिकतं.

जय हिंद.